मार्चएंडचा ताण आणि मनाचं सस्पेन्स खातं

कॅलेंडर काहीही म्हणो, नोकरी-धंद्यातल्या माणसाचं वर्ष ३१ डिसेंबरला संपत नाही. त्या रात्री फार तर घरी केक येतो. वर्ष खरं संपतं ३१ मार्चला. ‘मार्चएंड चालू आहे’ एवढं म्हटलं की लग्नाला न जाणं, फोन न उचलणं, दाढ दुखत असून डॉक्टरकडे न फिरकणं, सगळं माफ होतं.

ही तारीख आपल्याला इंग्रजांनी लावून दिली. त्याआधी सरकारी हिशेबाचं वर्ष १ मे ते ३० एप्रिल असायचं. १८६७ साली ते १ एप्रिल ते ३१ मार्च झालं, इंग्लंडच्या सरकारी वर्षाशी जुळावं म्हणून. व्यापाऱ्यांनी आपल्या वह्या दिवाळीतच पुजल्या, पण सरकार, बँका आणि त्यांच्यामागे आपण सगळे मार्चला बांधले गेलो. दीडशेहून अधिक वर्षं आपण उन्हाळ्याच्या तोंडावर, पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून पेपरवेट शोधत, हिशेब जुळवतो आहोत.

शिवाय मार्च एकटा येत नाही. सरकारी खात्यांचा निधी ३१ तारखेपर्यंत खर्ची पडला नाही तर परत जातो, म्हणून कोषागाराबाहेर बिलं घेऊन रांग. नगरपालिकेची घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली याच महिन्यात. आगाऊ आयकराचा शेवटचा हप्ता १५ मार्चला. पतसंस्थांत थकबाकीची वसुली, विमा एजंटांची टार्गेटं, आणि घरात कुणीतरी दहावीला नाहीतर बारावीला. वर शेजारच्या गच्चीवर कुरडया वाळत पडलेल्या पाहून घरच्या बाईला वाटणारी टोचणी वेगळीच. २०२५ मध्ये तर गुढीपाडवा आला ३० मार्चला, रविवारी. दुसऱ्या दिवशी ईद, पण सरकारी व्यवहार करणाऱ्या बँका त्या दिवशी चालू ठेवायला रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं. म्हणजे एका हाताने गुढी उतरवायची आणि दुसऱ्या हाताने उद्याचा डबा भरायचा.

तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत मी २७ मार्चएंड काढले. त्यातले पहिले १५ चुकीच्या पद्धतीने काढले, असं आता वाटतं. काम तेवढंच होतं, माणसं तेवढीच होती, पण त्या वर्षांत एप्रिल उजाडेपर्यंत मी घरच्यांना नकोसा होऊन जायचो. पुढे काय बदललं ते सांगायचं तर आधी अंगात काय घडतं ते थोडं समजून घ्यावं लागेल.

दोन निरोप, एक झटपट आणि एक रेंगाळणारा

समजा दुपारी वरिष्ठांचा फोन आला, “तेरीज अजून जुळली नाही? काय करता काय तुम्ही लोक?” (तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाकींचा जुळवायचा तक्ता.) मेंदूतला अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग याला धोका समजतो. समोर वाघ आहे की वरिष्ठ, हा फरक करण्यात तो फारसा वेळ घालवत नाही. तिथून दोन निरोप निघतात.

पहिला मज्जातंतूंच्या वाटेने काही सेकंदांत पोचतो. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अॅड्रिनालिन सोडतात. छाती धडधडते, तळहात ओले होतात, पोटातलं पचन थांबल्यासारखं होतं. दुसरा निरोप टप्प्याटप्प्याने जातो. हायपोथॅलॅमसकडून पिट्यूटरी ग्रंथीला, तिच्याकडून रक्तातून पुन्हा त्याच मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना, आणि मग कॉर्टिसॉल तयार होतं. फोन ठेवल्यावर अर्ध्या तासाच्या सुमाराला त्याची पातळी सर्वांत वर असते, आणि उतरायला आणखी वेळ लागतो. त्यामुळे होतं असं, की दुपारी तीनला फोनवर बोलणी खाल्ली आणि साडेतीनला चहा सांडला म्हणून शिपाईमामांवर ओरडलो. मामांना वाटतं, साहेबांचं डोकं फिरलं. डोकं फिरलेलं नसतं, दुसरा निरोप आत्ता पोचलेला असतो.

माँट्रिअलमध्ये काम करणाऱ्या हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली ‘नेचर’मध्ये एक छोटं टिपण छापलं. उंदरांना थंडी द्या, जखम करा, दमवा किंवा विष टोचा, शरीराचा प्रतिसाद एकाच साच्याचा येतो, असं त्याचं म्हणणं होतं. आधी धोक्याची घंटा, मग नेटाने तग धरणं, आणि तरीही सुटका नसेल तर खचणं. आपल्या भाषेत मार्चचा पहिला आठवडा, मधले दोन आणि शेवटचा.

यात ताणाला खलनायक ठरवायचं कारण नाही. ३१ तारीख डोक्यावर नसती तर आमच्या संस्थेची तेरीज आजतागायत जुळली नसती. तणावा म्हणजे तंबूची दोरी. ती ताठ नसेल तर तंबू उभाच राहत नाही. अडचण येते ती रात्रीही ती सैल केली नाही की. दोन धक्क्यांच्या मध्ये शरीराला पूर्वपदावर यायला वेळ मिळाला, तर अख्खा मार्च निभतो. तो मिळाला नाही, तर कॉर्टिसॉल उतरण्याआधीच पुढचा फोन वाजतो. म्हणून एप्रिलनंतर महाबळेश्वरला जाऊ, मग आराम करू, हा हिशेब चुकतो. विश्रांती साठवून नंतर एकरकमी घेता येत नाही. ती रोजच्या रोज जमा व्हावी लागते.

सस्पेन्स खातं

हिशेबाच्या टेबलावर बसलेल्यांना हे खातं ठाऊक आहे. एखादी रक्कम आली, पण कुणाची, कशापोटी, कुठल्या खात्यात टाकायची ते कळत नाही. तेवढ्यासाठी दिवसाची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, उघडी ठेवता येत नाही. मग ती नोंद सस्पेन्स खात्यात टाकतात, दिवस बंद करतात, आणि दुसऱ्या दिवशी शोध घेऊन योग्य जागी नेतात.

मनाला असं खातं नसतं, हीच मार्चएंडची मुख्य कटकट आहे. रात्री अंथरुणावर पाठ टेकली की एकेक उघडी नोंद समोर येते. त्या कर्जदाराचा चेक वटला का? मुलीच्या हॉलतिकिटाची झेरॉक्स काढायची राहिली. एनपीएची, म्हणजे थकीत कर्जांची, तरतूद धरताना ते एक खातं सुटलं तर नाही ना? यातलं एकही काम रात्री साडेअकराला होण्यासारखं नसतं, पण मन ते पुन:पुन्हा वर काढतं.

ब्ल्यूमा झायगार्निक नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्लिनमध्ये याचा अभ्यास केला आणि १९२७ साली तो छापला. लोकांना कोडी सोडवणं, मणी ओवणं अशी छोटी कामं दिली आणि त्यातली काही मध्येच थांबवली. नंतर विचारलं, तर पुरी झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली लोकांना जास्त आठवत होती. पुढच्या प्रयोगांत हा परिणाम दरवेळी तितका ठळक दिसला नाही हे खरं, पण मार्चमध्ये बँकेत काम केलेल्या माणसाला याचा पुरावा बाहेर शोधावा लागत नाही.

माझ्या उपयोगी पडली ती त्यापुढची गोष्ट. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या दोन संशोधकांना २०११ मध्ये असं आढळलं की अर्धवट काम मनातून जायला ते पुरं व्हावंच लागतं असं नाही. ते कधी, कुठे आणि कसं करायचं हे नेमकं ठरलं, तरी मन बरंचसं मोकळं होतं. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ जणांवर एक छोटा प्रयोग झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं काहींनी पुरी केलेली कामं लिहिली, काहींनी पुढे करायची. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. आणि यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर.

आता आमच्या ऑडिटरांची सवय सांगतो. सस्पेन्स खात्यात नोंद दिसली की ते रक्कम नंतर बघतात, आधी तपशील बघतात. ‘किरकोळ’ लिहिलं असेल तर संपलंच. कुणाकडून आली, का ठेवली, कधी उलटवणार, हे लिहिलेलं पाहिजे. मनाच्या नोंदींनाही हाच नियम लागू आहे. ‘वसुली बघणे’ असं वहीत लिहून काही होत नाही, मन त्याला नोंद मानतच नाही. ‘मंगळवारी साडेदहाला कापड दुकानवाल्या कर्जदाराला फोन, जामीनदाराचा नंबर फाइलमध्ये’ असं लिहिलं की ते सुटतं.

मी शंभर पानी वही घेतली, मोबाइल नाही. मोबाइलवर लिहायला गेलं की व्हॉट्सअॅपच्या ऑफिस ग्रुपवर वरिष्ठांचे तीन निरोप वाट बघत असतात आणि उघडी नोंद बंद व्हायच्या ऐवजी तीन नव्या उघडतात. रात्री जेवण झाल्यावर पाच मिनिटं, एका ओळीत एक काम, समोर वार आणि वेळ. जे काम माझं नाहीच, म्हणजे संचालक मंडळ काय ठरवेल, सून किती मार्क आणेल (हो, आमची सून तेव्हा एमकॉम करत होती), त्याच्यासमोर ‘आपल्याकडे नाही’ असं लिहायचो. ही नोंद सर्वांत जास्त आराम देते.

आमच्या कॅशियर मॅडमनी मात्र हे माझ्या आधीपासून केलेलं होतं, कुठलं संशोधन न वाचता. दिवसाची कॅश जुळली, नोटांचा तपशील लिहून झाला की त्या शेवटी एका चिठ्ठीवर उद्याची तीन कामं लिहीत, चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकत आणि किल्ली फिरवत. त्यानंतर कुणी काही विचारलं तर म्हणत, “काका, आता ड्रॉवर बंद झाला.” मला तो उद्धटपणा वाटायचा.

हुश्श

तिजोरीची कॅश जुळली की सगळ्यांच्या तोंडून एकदम निघतं ते हुश्श. हा उद्गार मराठीत असा काही बेतला आहे की तो उच्चारायचा तर श्वास लांब सोडावाच लागतो. आणि ताण उतरवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय तोच आहे.

कारण असं. आपण श्वास आत घेतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडतो तेव्हा किंचित मंदावतात. हे मंदावणं व्हेगस नावाच्या नसेमार्फत होतं. ती मेंदूच्या बुंध्यापासून निघून हृदय, फुप्फुसं, पोटापर्यंत जाते आणि शरीराचा ब्रेक म्हणून काम करते. अॅड्रिनालिन सोडणं-न सोडणं आपल्या हातात नाही, ठोके थेट कमी करता येत नाहीत, पण श्वास मात्र आपोआपही चालतो आणि मनात आणलं तर आपल्या सांगण्यावरूनही. ब्रेकपर्यंत पोचायची ही एकच सोपी वाट आहे, आणि तिचा नियम एवढाच, की सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं.

करायचं असं: नाकाने श्वास घ्या, भरत आला की वर आणखी एक छोटा घोट घ्या, आणि मग तोंडाने सावकाश, पूर्ण रिकामं होईपर्यंत सोडा. मूल रडून रडून थांबतं तेव्हा त्याच्याकडून आपोआप होतो तो हाच दुहेरी श्वास. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये लोकांना रोज पाच मिनिटं, महिनाभर हे करायला लावलं. मन प्रसन्न होण्याच्या बाबतीत हा सुस्कारा त्याच वेळेच्या ध्यानापेक्षा सरस ठरला. ज्यांना भ्रामरी येते त्यांनी भ्रामरी करावी, गुंजन करताना श्वास लांबतोच. आपल्या लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं ते अशा गोष्टी उपकरणांनी मोजून बघायलाच.

पाच मिनिटं नसतील तर तीन सुस्कारे. कॉम्प्युटरवर ‘सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग’ आलं की त्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत तेवढं होतं. सर्व्हर मात्र त्याने चालू होत नाही.

नऊने भागून बघा

तेरीज जुळत नाही आणि फरक नऊने पूर्ण भागला जातो, तर जुना हिशेबनीस काय करतो? आकड्यांची अदलाबदल शोधतो. ७,२८१ च्या जागी कुणीतरी ७,८२१ लिहिलेलं असतं, फरक ५४०. फरक समसंख्या असेल तर त्याची निम्मी रक्कम शोधतो. जमेची नोंद नावेच्या बाजूला पडलेली असू शकते. या युक्त्या मी शिकलो, वापरल्या, आणि बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं की माझ्या स्वतःच्या अदलाबदली बहुतेक रात्री नऊनंतरच्या होत्या.

डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं, की सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका ढिला पडतो. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे ०.०३ टक्के. सकाळी सहाला उठून रात्री अकराला ताळेबंदावर बसलेला माणूस, थेंबही न घेता, त्या हिशेबाने प्यायलेला आहे. अशा माणसाच्या हाती आपण संस्थेचं वर्ष देतो आणि वर त्याला मोटरसायकलवरून घरी पाठवतो.

म्हणून आम्ही पुढे एक ठरवलं. रात्री नऊनंतर जुळवाजुळव करायची नाही. फार तर प्रिंट काढायच्या, फाइली लावायच्या, शिक्के मारायचे. फरक सापडत नसेल तर तो सकाळी शोधायचा. रात्री दोन तास हुलकावणी दिलेला फरक सकाळी चहा संपायच्या आत सापडलेला मी कितीदा पाहिला आहे.

चहाचंही सांगतो, नाराज होऊ नका. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, कुणाला कमी, कुणाला बरेच जास्त. संध्याकाळी सहाचा चहा अकरा वाजता अर्धा शिल्लक असतो, आणि सहानंतर आपण एकच कुठे घेतो. आमच्याकडे पाचनंतर ताक आणायला लागलो. उन्हाळ्यात ते जातंही. आणि झोप यावी म्हणून ‘थोडीशी’ घेणाऱ्यांसाठी: तिने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप तुटते.

दुपारी डबा खाऊन दहा मिनिटं चालून यावं, एवढं व्यायामाबद्दल. मार्चमध्ये त्याहून जास्त कुणी करत नाही आणि करायला सांगूही नये.

घरी एक वाक्य आधीच सांगून ठेवलं की निम्मी भांडणं टळतात: “पंचवीस ते एकतीस मी उशिरा येईन, दोन तारखेपासून तुमचा.” तारीख सांगितली की घरच्यांचीही उघडी नोंद बंद होते. मात्र हे वाक्य पुरुषांना जितकं सहज बोलता येतं तितकं बायकांना येत नाही. आमच्या कॅशियर मॅडम रात्री आठला घरी जाऊन कुकर लावायच्या आणि मग मुलाची प्रमेयं घ्यायच्या. त्यांना श्वास लांब सोडा म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या नवऱ्याने तो आठवडा पोळीभाजीचा डबा लावला, हा त्यांच्यासाठी खरा उपाय ठरला. वाळवणं त्या वर्षी विकत आली. कुरडया तळल्या की सारख्याच फुलतात.

एक तारखेचं डोकं

मार्च धडधाकट काढलेला माणूस १ एप्रिलला आडवा होतो, हे दर वर्षीचं. त्यालाही कारण आहे. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अर्धशिशीच्या रुग्णांच्या रोजच्या नोंदी तपासल्या. ताण चढताना नव्हे, तर तो उतरल्यावरच्या पहिल्या काही तासांत डोकं उठण्याची शक्यता सर्वांत जास्त होती. कॉर्टिसॉल जसा त्रास देतं तसं ते वेदना आणि दाह दाबूनही ठेवतं. ते एकदम उतरलं की दाबलेलं वर येतं. म्हणून अर्धशिशी असलेल्यांनी तरी त्या दिवशी दुपारपर्यंत लोळत पडू नये. नेहमीच्या वेळी उठावं, नेहमीच्या वेळी खावं, ताण हळूहळू उतरू द्यावा.

दोन गोष्टी मात्र वहीने आणि सुस्काऱ्याने सुटणाऱ्या नाहीत. छातीत दुखलं, डावा हात किंवा जबडा भरून आला, दरदरून घाम सुटला, तर ती अॅसिडिटी किंवा मार्चएंड समजू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि दोन आठवडे उलटूनही झोप नाही, कशात मन लागत नाही, जगणं नकोसं वाटतं, तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तो सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. वसुलीला जाणाऱ्या आणि ज्यांच्याकडे वसुली जाते त्या, दोघांनीही तो जवळ ठेवावा.

१ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी ग्राहकांना बंद असतात. आमची पतसंस्थाही बंद ठेवायचो. दार ओढून घेतलेलं, आत नुसते आम्ही, पंखा, भेळ आणि छापून आलेला ताळेबंद. मॅडमनी ड्रॉवर उघडला तर त्यात वर्षभराच्या चिठ्ठ्या निघाल्या, रबर लावून ठेवलेल्या. दोन तारखेला दहाला शटर वर केलं, तर पायरीवर पेन्शनर आजोबा पासबुक घेऊन उभे होते.

“काय हो, व्याज पडलं का?”